धर्म हा समाजाचा डिंक आहे काय?

एका धर्मग्रामाच्या वार्षिक सणानिमित्त योजलेल्या व्याख्यानास आम्ही मध्यंतरी उपस्थित होतो. विषय होता 'धर्माचे सामाजिक कार्य'. वक्ते समाजशास्त्राचे प्राध्यापक, व्यासंगी आणि मृदुभाषी. ईश्वर आहे की नाही हा प्रश्न त्यांनी आरंभीच आदराने बाजूला ठेवला आणि पुढील तासाभरात एकच गोष्ट श्रोत्यांच्या मनावर बिंबविली. ती अशी की धर्म समाजाला बांधून ठेवतो, म्हणून ज्याची श्रद्धा नाही त्यानेही धर्माचे उपकार मानावेत. संस्कृतातील 'धृ' म्हणजे धारण करणे, लॅटिनमधील 'रेलिगारे' म्हणजे बांधणे, ही जोडी त्यांनी अशा खुबीने जुळविली की सभागृह टाळ्यांनी दुमदुमले. पहिल्या रांगेत बसलेल्या आम्हा धर्मगुरूंनीही टाळ्या वाजविल्या, हे येथे आधीच कबूल करून टाकलेले बरे.

आभारप्रदर्शनानंतर स्नेहभोजनाची सूचना झाली. भोजनाच्या कुपनावर ठळक अक्षरांत छापले होते : 'केवळ धर्मग्रामातील कुटुंबांसाठी'. पटांगणाच्या फाटकाशी जवळच्या बांधकामावरचे काही मजूर, पोरांना कडेवर घेऊन, रोषणाई पाहत उभे होते. एका स्वयंसेवकाने त्यांना बाजूला होण्यास सांगितले. सांगणे उर्मट नव्हते. मजुरांच्या बोलीवरून ती मंडळी साक्रीकडची असावीत असे आम्हांस वाटले, कारण आमच्या सेवाकाळातील काही वर्षे त्या भागात गेली आहेत. त्या रात्री जेवण काही गोड लागले नाही. प्राध्यापकांचे भाषण आणि ते कुपन यांत काही नाते आहे, असे मनात येऊ लागले. ते नाते कोणते, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम शब्दांविषयी. 'रेलिगारे' ही व्युत्पत्ती लाक्टान्शियस या ख्रिस्ती लेखकाची. त्याच्या पूर्वी होऊन गेलेल्या सिसेरोने त्याच शब्दाचे मूळ 'रेलेगेरे' या क्रियापदात पाहिले होते. त्याचा अर्थ पुन्हा वाचणे, पुन्हा लक्षपूर्वक न्याहाळणे. बांधणे आणि न्याहाळणे या दोन क्रिया फार वेगळ्या आहेत. शिवाय लाक्टान्शियसच्या मनातील बंधन हे मनुष्याला ईश्वराशी बांधणारे होते. ईश्वराला बाजूला ठेवून उरलेल्या दोरीने माणसांचा भारा बांधण्याची युक्ती त्याची नव्हे, ती पुष्कळ अलीकडची आहे.

या युक्तीचा थोर आचार्य म्हणजे एमिल दुर्खेम. एका रब्बीचा हा पुत्र पुढे श्रद्धेपासून दूर गेला, परंतु धर्माला त्याने कधी थट्टेचा विषय केले नाही. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ऑस्ट्रेलियातील आदिवासी कुळांचा धर्म तपासला. (तो स्वतः ऑस्ट्रेलियात कधी गेला नव्हता. इतरांनी केलेल्या नोंदी त्याने पॅरिसमध्ये बसून वाचल्या. आमच्या सेमिनरीत हे कोणी सांगितले नव्हते.) आपल्याकडे लग्नकार्यात देवक बसवितात, तसे तेथे प्रत्येक कुळाचे एखादे चिन्ह असते. एरवी पांगलेले कूळ एकत्र जमते, नाचते, गाते. त्या जमावात प्रत्येकाला आपल्याहून मोठी अशी एक शक्ती अंगात संचारल्याचा अनुभव येतो, आणि ती शक्ती चिन्हात आहे असे त्याला वाटते. दुर्खेमच्या मते ती शक्ती खरीच असते, मात्र ती चिन्हाची नसून जमलेल्या कुळाची असते. थोडक्यात, समाज देवाच्या रूपाने स्वतःचीच पूजा करतो. पवित्र गोष्टींविषयीच्या श्रद्धा व आचार, आणि त्यांनी एका नैतिक समुदायात गुंफलेली माणसे, अशी त्याने धर्माची व्याख्या केली. त्या समुदायाला त्याने 'चर्च' हाच शब्द वापरला आहे, ही आपल्या वाचकांसाठी थोडी गमतीची गोष्ट.

हा सिद्धान्त पोकळ नव्हे. खानदेशातील कोणत्याही गावी श्रावणात जाऊन पाहावे. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. सुरतेला, मुंबईला, पुण्याला पोटासाठी गेलेले भाऊबंद त्या दिवशी गावी येतात. वर्षभर बांधावरून अबोला धरलेले दोन चुलतभाऊ एकाच घरी रोटांसाठी पाट मांडून बसतात. सोमवारी कानबाईचे विसर्जन होते आणि मंडळी पुन्हा पांगतात. दुर्खेमने हे पाहिले असते तर ऑस्ट्रेलियाची त्याला गरजच पडली नसती. पण एक बारीकशी बाब विसरू नये. ते रोट भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्यास द्यायचे नाहीत, असा दंडक आहे. बांधणारी दोरी वर्तुळ करते, आणि वर्तुळाला आतबाहेर असते. कानबाई मांडणाऱ्या कुटुंबांना आम्ही यात दोष देत नाही. घरातला सण घरचा असतो, आणि इतर दिवशी हेच लोक वाटसरूला भाकरी देतात, हे आम्ही स्वतः खाऊन सांगतो. दोष आहे तो या वर्तुळालाच धर्माचे सर्वस्व मानणाऱ्या विद्वत्तेत.

आता आम्हांस त्याच खानदेशातील दुसऱ्या एका रविवारकडे वळले पाहिजे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी पिंपळनेर आहे. पश्चिमेकडून सह्याद्रीच्या डोंगररांगा येथवर उतरत येतात, आणि त्या डोंगरपट्ट्यात कोकणा, भिल्ल, मावची या समाजांची गावे व पाडे विखुरलेले आहेत. पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या हद्दीतील राईनपाडा हे त्यांपैकी एक. दिनांक १ जुलै २०१८ हा तेथील आठवडेबाजाराचा रविवार होता. त्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसे तेथे आली. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातली. डवर हे वाद्य वाजवीत, नाथांची व महादेवाची गाणी म्हणत गावोगाव भिक्षा मागणे हा या समाजाचा पिढ्यान् पिढ्यांचा धर्म, म्हणूनच ते डवरी. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवरून देशभर पसरली होती. त्या पाचांपैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. बाजाराचा जमाव त्यांच्यावर तुटून पडला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले. पाचही जण मेले. सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही मार बसला. मृतदेह पिंपळनेरच्या रुग्णालयात आणले गेले, आणि न्यायाची हमी मिळेपर्यंत नातेवाइकांनी ते ताब्यात घेण्याचे नाकारले.

त्या रविवारी जगभरच्या कॅथलिक देवळांत याईराच्या मुलीचे शुभवर्तमान वाचले गेले होते. तेथेही दाटलेली गर्दी आहे, तेथेही एक लहान मुलगी आहे, आणि परका माणूस तिचा हात धरून तिला उठवितो. आम्हीही त्या सकाळी त्यावर प्रवचन केले होते. संध्याकाळी बातमी आली.

प्राध्यापक म्हणतील, 'त्या घटनेत धर्माचा संबंध काय? तेथे ना धर्मद्वेष होता ना धार्मिक वाद.' हे खरे आहे, आणि नेमकी हीच त्यांच्या सिद्धान्ताची अडचण आहे. समाजाला बांधणे एवढेच जर धर्माचे कार्य, तर त्या बाजारात ते कार्य पूर्णत्वास गेले होते! एरवी भावावरून घासाघीस करणारी माणसे क्षणात एकदेह झाली. आपली मुले हे त्यांचे सर्वांत पवित्र धन, त्या धनाभोवती सारा गाव एका भावनेने उभा राहिला. सामूहिक उत्तेजना, पवित्र वस्तू, एकवटलेला समुदाय यांपैकी काहीही उणे नव्हते. दुर्खेमशी अन्याय होऊ नये म्हणून सांगतो : अशा उत्तेजनेत साधा माणूस वीरही होतो आणि मारेकरीही, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. परंतु या दोहोंत निवड कशी करावी, याचे उत्तर त्याच्याजवळ नाही. देवाच्या जागी समाज बसविला की समाजाचा न्याय करणारा कोणी उरत नाही.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही डोंगरातील गरीब बांधवांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत आहोत. तसे करणे सोपे आहे आणि शहरातील अनेकांनी ते केलेही. अफवा त्यांनी निर्माण केली नव्हती, ती शिकल्यासवरलेल्यांच्या बोटांतून आली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास मज्जाव केला. भिक्षेकऱ्याकडे संशयाने पाहण्यास तर राज्यानेच फार पूर्वी शिकविले होते. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे अशा निमित्ताने दान मागणाऱ्यालाही गुन्हेगारांत जमा केले. ज्ञानदेवांचे गुरू निवृत्तिनाथ ज्या पंथाचे, त्या पंथाची झोळी घेतलेला मनुष्य त्या कायद्याच्या दृष्टीने आधी भिकारी, आणि मग काय असेल ते. राईनपाड्यानंतर दोन वर्षांच्या आत, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवेचे बळी ठरले. त्यावरून पुढे जो राजकीय गदारोळ झाला त्यात मेलेली तीन माणसे कोणाच्याच लक्षात राहिली नाहीत.

आणि तरीही त्या डोंगरात परक्याला ओळखण्याची दुसरी एक रीत आहे, जिची आठवण आम्हांस राहून राहून येते. मार्गशीर्षात तेथे डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. व्रत घेतलेले भक्त, ज्यांना माऊल्या म्हणतात, पावरीच्या सुरावर नाचत गावोगाव हिंडतात, घरोघर धान्य मागतात, आणि पौर्णिमेला डोंगरातील देवाच्या ठिकाणी उत्सवाची सांगता होते. आमच्या मुक्कामाच्या काळात आम्ही हे अनेकदा पाहिले. सुपातून धान्य घालणारी बाई माऊलीला त्याचे गाव विचारीत नाही. दारात मागायला उभा राहिलेला देवाचा माणूस असू शकतो, हे त्या माणसांना शिकविण्यासाठी बाहेरून कोणी यावे लागत नाही. तो धर्म त्यांच्याजवळ आहे. त्या रविवारी अफवेच्या गोंगाटात तो ऐकू आला नाही, एवढेच. धर्माचे काम पाहायचे असेल तर सुपातून धान्य घालणाऱ्या त्या हातात पाहावे. समाजशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत त्यासाठी रकाना नाही.

डिंकाच्या सिद्धान्ताला खानदेशाने याहूनही जोरदार उत्तर दिलेले आहे. १९२१-२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात एका देवीची पूजा सुरू झाली. देवी अंगात येई, आणि आज्ञा देई : दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज स्नान करा, दारूच्या पेढीवाल्यांचे काम करू नका. हा प्रवाह सह्याद्री ओलांडून नाशिक, डांग, सुरत जिल्हा आणि खानदेशाच्या सीमेकडील आदिवासींमध्ये वणव्यासारखा पसरला. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली त्यावर सबंध ग्रंथ लिहिला आहे. आमचा प्रश्न असा की त्या काळी दारू ही आदिवासी समाजात काय होती? जन्माला दारू, लग्नाला दारू, देवाला दारू, पंचायतीचा निवाडा संपला की दारू. समाजाला बांधणारा डिंक कोणता असे त्या वेळी एखाद्या समाजशास्त्रज्ञास विचारले असते, तर त्याने नि:संशय दारूकडे बोट दाखविले असते. देवीने तोच डिंक मोडला, आणि पेढीवाल्याच्या कर्जाचे बंधनही त्याबरोबर सैल झाले. पुढे १९३७-३८ साली तळोदा तालुक्यात गुलाम महाराज उभे राहिले. त्यांनीही भिल्लांना दारू सोडण्यास सांगितले, आणि एकमेकांना 'आप' म्हणण्यास शिकविले. सावकाराकडून, जमादाराकडून, वाण्याकडून ज्याला जन्मभर 'ए' आणि 'तू' एवढेच ऐकावे लागले, त्याला शेजारचा भिल्ल 'आप' म्हणू लागला. १९७२ नंतर शहाद्याच्या परिसरात बायकांनी दारूची मडकी फोडली, त्या लढ्याच्या आरंभी भजने म्हणणारे अंबरसिंग महाराज होते, ही गोष्टही पुसता येणार नाही.

कार्ल मार्क्सने धर्माला अफू म्हटले, हे वाक्य आपल्याकडील पुरोगामी मित्रांना तोंडपाठ असते. शहाद्यातील त्याच्या अनुयायांनीही भजनी माणसाबरोबर खांद्याला खांदा लावून काम केले, याचा उल्लेख मात्र ते क्वचित करतात. आम्ही त्यांना इतकेच विचारतो की ज्या धर्माने हजारो माणसांच्या हातातील दारू सोडविली त्याला अफू कोणत्या हिशेबाने म्हणावयाचे? आणि प्राध्यापकांना विचारतो की ज्याने जुनी बंधने तोडली त्याला डिंक कसे म्हणावयाचे? एक धर्माला गुंगी मानतो, दुसरा खळ मानतो. त्यांच्या हिशेबात दोन्ही वेळा धर्म हे कोणाच्या तरी सोयीचे साधनच.

डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न अधिक नेमका धरला होता. धर्म समाजाला आवश्यक आहे असे ते मानीत, पण १९३६ साली त्यांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला. बांधणारा म्हणून कोणताही धर्म चांगला, ही भाषा त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते. ज्या बंधनात कोट्यवधी माणसे गावाबाहेर राहिली त्या बंधनाचे गोडवे ते कसे गातील? फ्रान्समध्ये दुर्खेमच्याच विद्यालयात त्याच्या आगेमागे शिकलेल्या बर्गसाँने १९३२ साली 'बंद' धर्म आणि 'खुला' धर्म असे दोन झरे दाखविले. बंद धर्म टोळीचे रक्षण करतो. खुला धर्म टोळीच्या कुंपणापाशी थांबत नाही, आणि तो समाजाच्या दबावातून जन्मत नाही, संतांच्या हृदयातून जन्मतो. पहिला हळूहळू रुंदावत जाऊन दुसरा होत नाही, त्यासाठी उडी घ्यावी लागते, हा त्याचा मुद्दा आम्हांस आजही मोलाचा वाटतो. कुटुंबावर प्रेम करा म्हणजे गावावर कराल, गावावर करा म्हणजे जगावर कराल, हा पायऱ्यांचा हिशेब प्रवचनात गोड लागतो. राईनपाड्याच्या बाजारात मुलांवरील प्रेम उणे पडले नव्हते.

आता आपल्या अंगणात यावे. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या, आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी दोन्ही गोष्टी नोंदविल्या : विठ्ठलाच्या ओढीने एकत्र चालणारा महाराष्ट्र, आणि त्याच वाटेवर जातीजातींच्या वेगळ्या पंगती. एकाच दिंडीतील माणसे दिवसभर एक अभंग म्हणत आणि जेवायला वेगवेगळी बसत, याचा त्यांना झालेला त्रास त्या लेखात लपत नाही. हे वाचून आपल्यापैकी काहीजण मनात म्हणतात, 'आमच्यात तसे नाही.' खरेच नाही? गोव्यातील कितीतरी देवळांत कोंफ्रारीचे मान जातीनुसार वाटले गेले, कोणता अंगरखा कोणी घालायचा आणि सण कोणी साजरा करायचा यावरून पिढ्यान् पिढ्या तंटे झाले. समाजशास्त्रज्ञ रोवेना रॉबिन्सन यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात दक्षिण गोव्यातील ख्रिस्ती जीवनाचे जे चित्र दिले आहे, ते वाचून कोणाही धर्मगुरूची मान खाली जावी. आणि गोव्यापर्यंत तरी कशाला जायचे? मिस्सेला मागच्या बाकावर कोण बसते, वाचनास कोणाचे नाव कधीच येत नाही, नव्याने स्थायिक झालेल्या आदिवासी कुटुंबाच्या घरी आशीर्वादाला जाताना समितीतील कोणाला नेमके काम निघते, हे आम्ही धर्मगुरू चांगले जाणून असतो. जाणून गप्पही असतो, कारण सणाची वर्गणी समितीकडून येते.

'फादर, पण आपण अल्पसंख्य आहोत. एकत्र राहिलो नाही तर टिकणार कसे?' हा प्रश्न आम्हांस प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि तो खोटा नाही. मुलांना प्रार्थना शिकविणारी, मयताला खांदा देणारी, मुलीच्या लग्नाला रात्रभर मांडवात राबणारी वस्ती मोडून पडावी असे कोणता धर्मगुरू म्हणेल? ती वस्ती आम्हांसही प्रिय आहे, तिच्याच अन्नावर आम्ही वाढलो. पण वस्ती टिकविण्यासाठी ख्रिस्तसभा नाही. तेवढ्यासाठी सहकारी गृहनिर्माण संस्था पुरते, आणि तिचा हिशेबही सहसा अधिक चोख असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली प्रसृत केलेल्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकाचे सबंध दुसरे प्रकरण वाटेवरच्या परक्याविषयी, शोमरोनी माणसाच्या दाखल्याविषयी आहे. त्या दाखल्यात जखमी माणसाला ओलांडून जाणारे दोघे मंदिराशी उत्तम रीतीने बांधलेले होते, ही गोष्ट आमच्या लक्षात यायला पुरोहितपदाची बरीच वर्षे जावी लागली.

त्या व्याख्यानानंतरच्या समितीच्या बैठकीत आम्ही कुपनाचा विषय काढला. खर्च वाढेल, गर्दी आवरणार नाही, उद्या रस्त्यावरचे सगळेच येतील, असे आक्षेप निघाले. एका वडीलधाऱ्या बाईंनी मात्र विचारले, 'फादर, किती जण होते हो फाटकाशी?' आम्ही म्हटले, 'बारा-पंधरा असतील.' 'मग एक पातेले भात जास्त लागेल,' त्या म्हणाल्या. विषय मताला टाकला गेला, आणि आमच्या बाजूने दोनच हात वर आले, एक आमचा व एक त्यांचा. यंदाच्या सणाची कुपने पुढील आठवड्यात छापायला जायची आहेत. त्याआधी समितीची आणखी एक बैठक ठरली आहे.